भिंतीतल्या तीन तिरक्या वायरी

माझ्या दाजींना, म्हणजे थोरल्या बहिणीच्या नवऱ्याला, धंद्यातली माणसं ओळंबा म्हणतात. ओळंबा म्हणजे गवंड्याचं दोरीला बांधलेलं वजन. टांगलं की सरळ खाली लोंबतं आणि भिंत कुठे कललीय त्याची चुगली करतं. दाजी स्वतः बुटके आहेत, पोट सुटलेलं आहे आणि उभे राहिले की जरा डावीकडे कलतात. तेव्हा हे नाव अंगकाठीवरून पडलेलं नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

ते पडलं वायरींवरून. लोकांच्या घरी मोठा टीव्ही, पुढचे स्पीकर, मागचे स्पीकर, छताला टांगलेला प्रोजेक्टर असलं सगळं बसवायचं आणि त्यातली एकही वायर दिसू द्यायची नाही, हा दाजींचा धंदा. पाहुणा येतो, सोफ्यावर बसतो, चार बाजूंनी आवाज ऐकतो आणि विचारतो, "अहो, पण याच्या वायरी कुठायत?" मग घरमालक नुसता हसतो. या एका प्रश्नासाठी लोक आठवडाभर घरभर धूळ सोसतात. मला विचाराल तर वायर दिसली म्हणून कुणाचा आवाज कमी झालेला मी ऐकला नाही. पण मला कोण विचारतंय, आणि शिवाय त्याच खुळावर आमच्या दोन घरांच्या चुली पेटतात.

दाजींची वायर भिंतीत एक तर सरळ उभी जाते, नाही तर सरळ आडवी. तिरकी कधीच नाही. भिंतीत खाली बसवलेल्या वायरींच्या पेटीपासून वरच्या स्पीकरपर्यंत तिरकं गेलं तर सहा फुटांत काम होतं, तिथे दाजी आधी भिंतीच्या माथ्यापर्यंत चढणार, मग काटकोनात वळणार आणि आठ फूट खाच पाडणार. त्यामागचं कारण असं की भिंत एकदा बुजली की वायर कुठून गेलीय हे माणूस विसरतो आणि दोन वर्षांनी तिथेच खिळा ठोकतो. सरळच जायचं ठरलेलं असेल तर पेटी बघून वायर कुठे असेल ते लहान पोरालाही कळतं. काम संपलं की दाजी घरच्या सगळ्यांना, अगदी म्हाताऱ्यांनाही, भिंतीसमोर उभं करायचे आणि सांगायचे, "या पेट्यांच्या सरळ वर-खाली आणि सरळ आडव्या रेषेत खिळा मारायचा नाही. बाकीची भिंत तुमची." एवढंच. दुसरं भाषण त्यांना येत नाही.

मी गवंडी. दाजी खाच पाडून वायरीचा पाइप बसवतात आणि मी ती खाच बुजवून, गिलावा करून, पुट्टी ओढून भिंत पूर्ववत करतो. थोडक्यात, दाजींनी केलेलं काम नाहीसं करणं हे माझं काम. बावीस वर्षं हे चाललंय. पाइप बसवून झाला की दाजी हात धुतात आणि दुसऱ्या खोलीत पुढच्या कामाला लागतात. मी भिंत बुजवायच्या आधी ते परत बघायला येत नाहीत. बाकीचे वायरमन गवंड्याच्या उरावर उभे राहतात, मोबाइलवर प्रत्येक भिंतीचे दहा-दहा फोटो काढतात. दाजींनाही कुणीतरी तसं सुचवलं होतं. ते म्हणाले, "फोटो कशाला? बुजवणारा घरचाच माणूस आहे." हे मी पलीकडच्या खोलीतून ऐकलं होतं. मला बरं वाटलं होतं, खोटं कशाला बोलू.

हा माणूस आमच्या घरात आला तोसुद्धा वायरीतूनच. माझ्या वडिलांकडे बाहेरच्या खोलीत रेडिओ होता आणि आईचं म्हणणं, की मी दिवसभर स्वयंपाकघरात, मग तो रेडिओ काय फक्त तुमच्या कानांसाठी आणलाय? वडिलांनी रेडिओ दुरुस्तीच्या दुकानातून एका पोरगेलेशा कारागिराला बोलावलं. त्याने दाराच्या चौकटीआडून, जमिनीच्या पट्टीमागून वायर नेऊन स्वयंपाकघरात फडताळावर एक स्पीकर बसवला. वायर कुठे दिसेना. आई चकित झाली. त्यानंतर ती वायर नीट आहे ना हे तपासायला तो चार वेळा आला. वायरीला काही झालेलं नव्हतं. पाचव्या वेळी वडिलांनी त्याला खुर्ची दिली आणि विचारलं, "वायर तपासायची आहे की आमची मुलगी?" दाजी म्हणाले, "वायर चांगली आहे." पुढच्या वर्षी ताईचं लग्न झालं.

आता त्यांच्या स्वतःच्या घरात टीव्हीमागे वायरींचं जंजाळ लोंबतंय. ताईने एकदा टोकलं तर म्हणाले, "घरच्यांपासून काय लपवायचं?"

माझंही थोडं सांगतो, नाही तर पुढचं कळणार नाही. दाजींची रेषा कुणाला दिसत नाही. माझी भिंत सगळ्यांना दिसते. घरमालक संध्याकाळी दिवा भिंतीला चिकटवून धरतो आणि बाजूने उजेड टाकून बघतो. अशा उजेडात नखाएवढा फुगवटाही दिसतो. मग नावं कुणाला ठेवतात? गवंड्याला. पाइप खोल बसला नाही म्हणून फुगवटा आला हे ऐकायला कुणी थांबत नाही. माझ्या भिंतीला फुगवटा नसतो. ही बढाई नाही, दिवा लावून बघा.

पण भिंतीच्या माथ्यावर काँक्रीटचा बीम असतो. विटांमध्ये खाच हवी तेवढी खोल जाते. काँक्रीटमध्ये जात नाही, आणि फार खोल नेऊही नये, कारण घर त्याच्यावर उभं असतं. दाजींची वायर बीमवरून आडवी गेली की पाइप अर्धं बोट बाहेर राहतो. मग मी वरून गिलाव्याचा थर जाड देऊन, लांबवर उतरता करून तो झाकायचा. एका पाइपसाठी अख्खी भिंत परत करावी लागते. बहुतेक वेळा मी केली. तीन वेळा नाही केली.

तीन वेळा मी दाजी दुसऱ्या खोलीत गेल्यावर पाइप उपटला, बीमवरचा कोपरा गाळला आणि विटांमधून तिरकी खाच पाडून पाइप थेट, वायर बाहेर निघते त्या वरच्या तोंडाला नेला. खालची पेटी जागच्या जागी, वरचं तोंड जागच्या जागी, मधलं तेवढं तिरकं. उरलेला पाइप कापून पिशवीत घातला. भिंत आरशासारखी सपाट झाली आणि मालकाने दिवा धरून माझी पाठ थोपटली.

पहिल्यांदा केलं त्याला सहा वर्षं झाली. दोन दिवसांनी दाजी वायर ओढायला आले. पाइप बसवताना मोजून कापून ठेवलेली वायर ओढली, तर चांगली दोन फूट जास्त निघाली. ते ती उरलेली वायर हातात घेऊन उभे राहिले. मी खाली मान घालून घमेलं धूत होतो. "माप चुकलं माझं," दाजी म्हणाले. त्या दिवसापासून ते प्रत्येक वायर दोनदा मोजायला लागले. मला तेव्हाच बोलायला हवं होतं. नाही बोललो. घमेलं मात्र स्वच्छ धुतलं.

यंदा डोळ्यांच्या डॉक्टरांकडून फोन आला. मागचा डावा स्पीकर बंद पडला होता आणि अँप्लिफायरमधून जळका वास येत होता. आम्ही गेलो. टीव्हीचं कपाट करणारा सुतारही तिथे होता. त्याच्या कपाटाला दाजींनी एकदा चार भोकं जास्तीची पाडली होती, तो राग तो अजून सांभाळून होता. डॉक्टरांच्या बायकोने भिंतीवर नवं घड्याळ लावलं होतं. दाजींनी घड्याळ बघितलं, पेटी बघितली, स्पीकर बघितला. घड्याळ ना पेटीच्या वर होतं, ना स्पीकरच्या रेषेत.

"तुम्ही म्हणालात बाकीची भिंत आमची, म्हणून मारला खिळा," डॉक्टरांची बायको म्हणाली.

"बरोबर मारलात. तिथे वायर नाहीच," दाजी म्हणाले.

"ओळंबा कुठेतरी हलला असेल," सुतार कपाटाला टेकून म्हणाला.

दाजी सहसा चिडत नाहीत. चिडले की कान लाल होतात. "माझी वायर तिरकी निघाली," ते म्हणाले, "तर या हातात परत पक्कड धरणार नाही. फोडा भिंत."

फोडायचं काम अर्थातच माझ्याकडे आलं. छिन्नी माझी, हातोडा माझा, भिंत माझी. मी शक्य तेवढं हळू फोडलं. जितके देव आठवले तितक्यांना मनातल्या मनात हाका मारल्या. खिळा दुसरीकडेच कुठे जाऊ दे, पाइप आपोआप सरळ होऊ दे, डॉक्टरांना तातडीने दवाखान्यातून बोलावणं येऊ दे. देव कामात असावेत. गिलावा सुटला आणि आत पाइप दिसला, चांगला ऐसपैस तिरका, आणि त्याच्या बरोबर मधोमध घड्याळाचा खिळा.

दाजी पुढे आले आणि चष्मा वर करून बघत राहिले. त्यांचा पाइप लोखंडी आकड्यांनी बसवलेला असतो, दर दीड फुटाला एक. या तिरक्या पाइपला आकडा एकही नव्हता. सिमेंटच्या गोळ्यांनी तो जागोजागी थापून धरला होता, जसा फक्त गवंडी धरतो. दाजींनी एका गोळ्यावरून अंगठा फिरवला. त्यावर माझ्या बोटांचे ठसे उठलेले होते. ते माझ्याकडे वळतील असं मला वाटलं. ते डॉक्टरांकडे वळले.

"चूक माझी आहे," ते म्हणाले. "अँप्लिफायर नवा आणून देतो. वायर करायला दुसरा चांगला माणूस पाठवतो."

मी तोंड उघडलं नाही. सुतारानेही उघडलं नाही, आणि ते मला जास्त लागलं. एवढा आयता घास समोर असताना तो गप्प बसला, म्हणजे दाजींचा चेहरा कसा झाला असेल ते बघा. मी बघितला नव्हता. मी मलबा गोळा करत होतो.

दाजींनी हत्यारं फडक्यात गुंडाळून पलंगाखाली सारली. फोन आला की सांगायचे, "मी आता काम करत नाही." समोरचा कारण विचारायचा. "सोडलं," म्हणायचे. दिवसभर गॅलरीत खुर्ची टाकून बसायचे. शब्द पक्कडीचा दिला होता, म्हणून स्क्रू-ड्रायव्हर चालत होता, तेव्हा घरातले सगळे स्क्रू आवळून झाले. पण गॅलरीतली कपडे वाळत घालायची तार सैल झाली होती आणि ती ताणायला पक्कड लागते. ती तशीच राहिली. ताईच्या चादरी जमिनीला टेकायला लागल्या.

मी रोज जात होतो. काम बंद म्हणजे माझंही बंद. चहा प्यायचो, हवापाण्याच्या गप्पा मारायचो आणि घरी येऊन बायकोवर ओरडायचो. ताई मला जिन्यात गाठून विचारायची, "यांना काय झालंय रे? तुला काही बोललेत का?"

"नाही," मी म्हणायचो. ते खरंच काही बोलले नव्हते.

तीन आठवड्यांनी ताईचा संयम संपला. "यांच्याकडून नाही होत तर तू तरी ती तार ताण," ती मला म्हणाली आणि पलंगाखालून फडकं ओढून पक्कड काढून माझ्या हातात दिली. दाजी खुर्चीतच होते. मी स्टुलावर चढलो. पक्कडीच्या मुठीवरचं लाल प्लास्टिक दाजींच्या बोटांनी झिजून पातळ झालं होतं. माझी बोटं त्या खळग्यांत बसेनात. मी तार पकडली, सोडली, परत पकडली आणि मग स्टुलावरूनच बोललो, कारण खाली उतरलो असतो तर बोललो नसतो.

"दाजी, डॉक्टरांच्या भिंतीतला पाइप मी फिरवला होता."

"माहीत आहे," दाजी म्हणाले.

"बीमवर फुगवटा येत होता म्हणून."

"तेही माहीत आहे."

ताईने एकदा त्यांच्याकडे बघितलं, एकदा माझ्याकडे. "आणि तीन आठवडे तू इथे येऊन चहा पीत होतास?" ती म्हणाली. लहानपणी तिने मला दोनदा मारलंय. तिसऱ्यांदा मारलं असतं तर मी हलकाच झालो असतो. पण ती तशीच आत निघून गेली.

"मग तिथे बोलला का नाहीत?" मी विचारलं. वर तोंड करून त्यांनाच विचारलं, माझी कमाल आहे.

"काय बोलणार? लोकांना भिंत मी सांगितली होती, तू नाही. बुजवायच्या आधी बघणं माझं काम होतं. बावीस वर्षं नाही बघितलं." मग त्यांनी मान वर केली. तीन आठवड्यांत पहिल्यांदा त्यांनी माझ्याकडे सरळ बघितलं. "मेहुणे, किती ठिकाणी?"

खरं सांगायचं तर 'एकच' हा शब्द माझ्या जिभेवर आला होता. तेवढ्याने भागलं असतं. पण ते तिथे बसून गेले तीन आठवडे काय करत होते हे मला त्या क्षणी कळलं. ते भिंती मोजत होते. चार-साडेचारशे घरं, प्रत्येक घरातल्या माणसांना उभं करून सांगितलेलं, आणि त्यातलं कुठलं खरं राहिलंय हे त्यांना ठरवता येत नव्हतं.

"तीन," मी म्हणालो.

"कुठे?"

मी सांगितलं. डॉक्टरांचं. नदीपलीकडचा फ्लॅट, तिथेही स्पीकरचीच वायर. आणि पहिलं, निवृत्त मुख्याध्यापिका बाईंचं घर.

"बाईंकडे तर स्पीकर नव्हते," दाजी म्हणाले आणि खुर्चीतून उठले. "प्रोजेक्टर होता. अरे, ती मेनची लाइन आहे."

स्पीकरच्या वायरीत खिळा गेला तर आवाज जातो. मेनच्या लाइनीत गेला तर माणूस जातो. हे मला तेव्हाही माहीत होतं. पाइप फिरवताना मी फक्त भिंतीकडे बघत होतो. याहून चांगलं कारण माझ्याकडे नाही, शोधून झालंय.

दाजींनी बाईंना फोन लावला. त्यांना त्या वेळी फक्त एवढं सांगितलं, की मेन स्विच खाली करा, आम्ही पोचेपर्यंत वर करू नका, आणि प्रोजेक्टरच्या भिंतीला हात लावू नका. बाई म्हणाल्या, "कारण?" दाजी म्हणाले, "आल्यावर सांगतो." स्कूटरवर मी मागे बसलो होतो, छिन्नी-हातोडा आणि दाजींची हत्यारं असलेली पिशवी मांडीवर. रस्त्यातला प्रत्येक सिग्नल लाल होता.

बाईंनी दार उघडलं आणि आम्ही आत गेलो.

प्रोजेक्टरची भिंत फोटोंनी भरलेली होती. बाई शाळेतून निवृत्त झाल्यावर त्यांनी शाळा सोडून गेलेल्या प्रत्येक वर्गाचा फोटो मढवून घेतला होता. चोवीस वर्षं, चोवीस फोटो, पितळी चौकटी, चार ओळींत लावलेले. पेटीच्या सरळ वरचा उभा पट्टा मात्र कोरा ठेवलेला होता, आणि बीमलगतचा आडवाही. बाई कुठेही चुकलेल्या नव्हत्या. जिथे सांगितलं होतं तिथे एकही खिळा नव्हता, आणि जिथे सांगितलं नव्हतं तिथे चोवीस होते.

"खिळे कुणी मारले?" दाजींनी विचारलं.

"मी. पंच्याहत्तर वर्षांची असले तरी हातोडा धरता येतो मला," बाई म्हणाल्या. "आता कारण सांगा."

दाजींनी वायर शोधायचं यंत्र पिशवीतून काढलं, स्वतःच्या हाताने मेन स्विच वर करून ते भिंतीवरून फिरवलं आणि जिथे जिथे पिपाणी वाजली तिथे खडूची खूण केली. रेषा पेटीच्या वर तीन फुटांपासून निघाली आणि फोटोंच्या मधून तिरकी वर चढत गेली. दाजींनी स्विच परत खाली केला. वरून दुसऱ्या ओळीतला एक फोटो खडूच्या रेषेवरच होता. दाजींनी तो दोन्ही हातांनी उचलून खाली ठेवला आणि मला म्हणाले, "इथे फोड."

मी फोडलं. खिळा दोन इंची होता. तो पाइपच्या आत शिरला होता. आत तीन वायरी होत्या आणि खिळ्याचं टोक लाल वायरीला टेकलेलं होतं. वायरीचं कातडं खरवडलं गेलं होतं, फाटलं नव्हतं. अजून हातोड्याचा एक ठोका बसला असता तर फाटलं असतं.

"हे फोटो तुम्ही पुसता?" दाजींनी विचारलं. त्यांचा आवाज मला ओळखू आला नाही.

"दर रविवारी. ओल्या फडक्याने."

दाजी खाली जमिनीवरच बसले. मग चष्मा काढून म्हणाले, "बाई, चूक माझी..."

"मी केलं," मी म्हणालो.

बाईंनी माझ्याकडे बघितलं. चोवीस वर्गांतल्या पोरांनीही माझ्याकडे बघितलं. मी पन्नाशीचा माणूस, हातात छिन्नी.

"यांनी पाइप सरळ बसवला होता. मी तो काढून तिरका केला. यांना न सांगता."

"का?" बाई म्हणाल्या. त्या रागावल्या नव्हत्या. त्यांना नुसतं उत्तर हवं होतं आणि ते मिळेपर्यंत त्या थांबणार होत्या.

"भिंत सपाट दिसावी म्हणून."

बाईंनी भिंतीकडे बघितलं, मग खाली ठेवलेल्या फोटोकडे. "भिंत सपाट आहे खरी," त्या म्हणाल्या आणि सावकाश खुर्चीत बसल्या. हे एकच वाक्य. ते मला अजून मधूनमधून ऐकू येतं.

तेवीस फोटो आम्ही एकेक करून उतरवले. मी तिरका पाइप काढला आणि बीमवर नवी खाच पाडली, जेवढी पाडता येते तेवढी. मग नवा पाइप, नवी वायर. दाजी शेजारी उभे राहून सांगत होते आणि हात मागे बांधून होते. दर दीड फुटाला मी लोखंडी आकडे ठोकले. शेवटी पेटीत वायरीची टोकं जोडायची वेळ आली. मी पक्कडीने वायर सोलायला गेलो आणि ती अर्धी तोडली. दुसऱ्यांदाही तोडली. तिसऱ्यांदा दाजींनी डोळे मिटून घेतले.

"दे इकडे," ते म्हणाले आणि पक्कड माझ्या हातातून ओढून घेतली. शब्द मोडताना त्यांचे कान लाल झाले होते. जोड मात्र एका मिनिटात झाला.

पाइप बीमवर अर्धं बोट बाहेर राहिला होता. राहणारच होता. बाई जवळ आल्या, त्यांनी त्यावर हात ठेवला आणि विचारलं, "हा उंचवटा दिसणार का?"

"दिसणार," मी म्हणालो. "दिवा लावलात की दिसणार. थोडा उतरता करून देतो, पण जाणार नाही."

"आणि भिंत कोण बंद करणार?" त्यांनी मला नाही, दाजींना विचारलं.

दाजी हात पुसत होते. "हाच करेल," ते म्हणाले. "पण आधी मी बघेन."

मी घमेल्यात माल कालवला. दाजींनी बॅटरी लावली, चष्मा नाकावर नीट बसवला आणि खालच्या पेटीपासून सुरुवात केली. प्रत्येक आकड्यापाशी थांबत, पाइपवरून बोट फिरवत ते कोपऱ्यापर्यंत गेले, वळले आणि बीमवरून आडवे पुढे गेले. घाई नव्हती त्यांना. ते बघेपर्यंत मी थापी हातात धरून उभा राहिलो.